जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी : आपल्या नियोजित सहनिवासाच्या संस्थापक सभासदांना खुलं पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा आला. दोन पानं, चौदा मुद्दे. येत्या रविवारी तो वाचायचा, हात वर करून मंजूर करायचा आणि सोमवारी आर्किटेक्टला ‘नकाशाला लागा’ म्हणून सांगायचं, असा बेत आहे. जागेचा इसार द्यायची तारीख जवळ आलीय, त्यामुळे घाई का आहे ते मला समजतं. दीड वर्ष आपण बावीस कुटुंबं शाळेच्या त्या हॉलमध्ये बाकांवर दाटीनं बसून हा सहनिवास, म्हणजे प्रत्येकाचं आपलं घर पण स्वयंपाकघर आणि दालन सामायिक, मनात बांधतोय. मलाही तिथे राहायचंय, आणि म्हणूनच सांगतेय, रविवारी मसुदा मंजूर करू नका.

पत्र खुलं ठेवलंय, कारण एकत्र राहायचं ठरवणारे आपण एकटेच नाही. दुसऱ्या एखाद्या गावात असाच गट जमला असेल, तर त्यांच्याही पुढ्यात हेच प्रश्न येणार. आपल्या गटाचं, जागेचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव मी यात घेतलेलं नाही.

चौदापैकी दहा मुद्द्यांवर माझी सही आत्ताच घ्या. पावसाचं पाणी साठवायचं, ओला कचरा आवारातच जिरवायचा, गाड्या फाटकापाशी थांबवून आतली जागा मुलांना मोकळी ठेवायची, घरं आटोपशीर आणि सामायिक दालन मोठं बांधायचं, या सगळ्याला माझी मनापासून संमती आहे. अडलंय ते उरलेल्या चारांपाशी. ‘समविचारी व सुसंस्कृत कुटुंबांनाच प्रवेश.’ ‘सामायिक स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी.’ ‘घर भाड्यानं देता येणार नाही.’ ‘सर्व निर्णय बहुमतानं.’

चार वाक्यं चार विषयांवरची दिसतात. पण पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की हॉलमध्ये जे हजर होते त्यांनी ती आपल्या सोयीनं लिहिली आहेत, आणि त्यांचा भार पडणार आहे तो हजर नसलेल्यांवर. हजर माणूस हात वर करून आपलं म्हणणं मांडू शकतो. जो तिथे नाही, त्याच्या वतीनं बोलायला कागदावरच्या तत्त्वाशिवाय दुसरं कुणी नसतं.

जुलैतली बैठक आठवा. बाहेर धो धो पाऊस होता आणि एक तरुण जोडपं गळक्या छत्र्या घेऊन दाराशी उभं होतं. दोघंही शिक्षक. कुणाकडून तरी ऐकून आले होते. चहा येईपर्यंत आपल्यापैकी एकानं त्यांना आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग ‘म्हणजे तुम्ही...’ असं अर्धं वाक्य. आणि शेवटी, घरात नॉनव्हेज चालतं का. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत राहिले. ते दोघं चहा पिऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. त्या दिवशीच्या इतिवृत्तात आपण लिहिलं, ‘एक नवीन कुटुंब उपस्थित. पुढे संपर्क नाही.’ मी समोरच बसले होते. मीही काही बोलले नाही.

आता ‘समविचारी व सुसंस्कृत’ हे शब्द त्यांच्या बाकावर बसून वाचा. कोणता विचार सम असायला हवा, हे मसुद्यात नाही. कचरा वेगळा करण्याचा म्हणायचा असेल तर तसं लिहू या. आठवड्यातून चार तास सामायिक कामाला देण्याचा असेल तर तेही लिहू या. या गोष्टी कुणालाही वाचून पटतात किंवा पटत नाहीत, आणि त्यावर येणाऱ्यानं स्वतः निर्णय घ्यावा. शब्द मोघम ठेवला, की त्याचा अर्थ दार राखणारा लावतो. तो आपल्याकडे बहुतेक वेळा आडनावावरून लावला जातो, हे आपण सगळे जाणतो.

आपल्या सहकारी घरबांधणीच्या मुळाशीच हा प्रश्न आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं. या चळवळीची सुरुवात तिथून मोजतात. कानडा मुलखातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या ज्ञातिबांधवांना स्वच्छ, परवडणारं घर मिळावं म्हणून केलेली ती खटपट होती. परक्या शहरात ज्ञातीशिवाय दुसरा आधार नव्हता, आणि त्या काळात ते काम लहान नव्हतं. पण तो साचा पुढे टिकला. पुण्या-मुंबईतल्या किती सोसायट्या एकाच ज्ञातीच्या म्हणून उभ्या राहिल्या ते नुसत्या नावांच्या पाट्या वाचत गेलं तरी दिसतं. २०२० नंतर जागा घेणाऱ्या आपल्याला ती अडचणही नाही आणि तो आधारही लागत नाही. मग साचा तोच कशाला?

बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं, की कायदा आहेच, तत्त्वांत वेगळं लिहायची गरज नाही. कायदा आहे, खरं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या २३ व्या कलमाप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. पण २००५ साली अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा त्या संस्थेचा उपविधी, म्हणजे संस्थेचा लेखी नियम, वैध ठरवला. खटला गुजरातच्या कायद्याखालचा होता, तरी त्यातून आपण समजायचं ते समजू या. दार आपोआप उघडं राहत नाही. ते उघडं ठेवायचं तर उपविधीत तसं लिहावं लागतं. म्हणून पहिल्या मुद्द्याच्या जागी मी हे वाक्य सुचवते : ‘जात, धर्म, भाषा, आहार, वैवाहिक स्थिती किंवा अपंगत्व यांवरून कुणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही, आणि मुलाखतीत हे प्रश्न विचारले जाणार नाहीत.’ वाक्याचा दुसरा अर्धा भाग कृपा करून गाळू नका. जुलैत घडलं ते त्यातच येतं.

आता स्वयंपाकघर. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपलं एकत्र राहणं टिकणार की मोडणार ते बैठकीच्या हॉलमध्ये ठरणार नाही, चुलीपाशी ठरेल.

मी मालवणकडची. माझ्या घरी आठवड्यातून तीनदा मासे होतात. मसुद्यात माझ्या घरातल्या चुलीबद्दल काही लिहिलेलं नाही, पण त्या मुद्द्यावरच्या चर्चेत ‘वास’ हा शब्द तीन जणांनी उच्चारला, तेव्हा मला आपल्या होणाऱ्या खिडक्या दिसायला लागल्या. कोणाची खिडकी कोणाकडे, आणि कोण आपली बंद करून घेणार. आपल्यात कडक शाकाहारी कुटुंबं आहेत, एक कुटुंब कांदा-लसूणही खात नाही, आणि त्यांना त्यांच्या ताटाची शंभर टक्के खात्री मिळालीच पाहिजे. त्यांची भांडी वेगळी, शेगडी वेगळी, सामायिक जेवणात रोज त्यांचं पूर्ण जेवण, वाढणारा हातही वेगळा. याला माझा पाठिंबा आहे आणि त्यासाठी लागणारा जादा ओटा माझ्या वर्गणीतून बांधा. पण माझ्या ताटात काय नसावं हे शेजारच्या ताटानं ठरवू नये. ज्या दिवशी ज्यांची पाळी असेल त्यांनी शाकाहारी जेवण पूर्ण करून शिवाय अंडी, मासळी, मटण काय करायचं ते करावं. ‘पूर्ण शाकाहारी’ लिहिलंत, तर कागदावर सगळ्या जातींना दार उघडं ठेवून आतल्या दाराला कडी लावल्यासारखं होईल.

स्वयंपाकघराचा दुसरा प्रश्न मसुद्यात आलेलाच नाही. स्वयंपाक करणार कोण?

सहनिवासाची ही कल्पना ज्या रूपात आपण उचललीय ती डेन्मार्कची. १९६४ मध्ये यान गुडमन-हॉयर या आर्किटेक्टनं मित्रांना जमवून कोपनहेगनजवळ असा प्रयत्न केला. आजूबाजूच्या रहिवाशांनी विरोध केला आणि तो फसला. १९६७ मध्ये बोदिल ग्रो या लेखिकेनं वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळाच असा होता की मुलांना शंभर पालक असावेत. तो वाचून कुटुंबं जमली आणि १९७२ मध्ये सेटेडामेन ही सत्तावीस घरांची वसाहत उभी राहिली. आपल्या पहिल्या बैठकीत ही गोष्ट सांगितली गेली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि लगेच कुणीतरी म्हणालं, ‘अहो, आपल्या चाळी म्हणजे दुसरं काय होतं?’

मी लालबागच्या चाळीत वाढले. शंभर पालक होते, हे अगदी खरं. शाळेतून आल्यावर ज्या दाराशी भूक लागेल तिथे जेवायचं. ताप आला तर पट्ट्या ठेवायला समोरच्या खोलीतल्या काकू. पण ते शंभर पालक म्हणजे सगळ्या बायका होत्या. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा कळश्यांच्या रांगेत बायका. मजल्यावरचा कॉमन संडास धुवायची पाळी आली की बायका. वडील गिरणीत, तीन पाळ्यांत. घरी असले की झोपेची वेळ, आणि तेव्हा आम्हाला गप्प करायलाही आईच. चाळीचा जिव्हाळा खोटा नव्हता. त्याची मजुरी कोण भरत होतं, एवढंच आपण आठवणी सांगताना विसरतो.

म्हणून हे दुसरं वाक्य सुचवते : ‘सामायिक कामाची पाळी घराच्या नावावर लागणार नाही, माणसाच्या नावावर लागेल.’ घराच्या नावावर लावली, तर ‘आमच्याकडून ही येईल’ असं होतं, किंवा ‘आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना पाठवतो’. हिशेब करून बघा. आपण बेचाळीस प्रौढ माणसं आहोत. तिघांचा एक गट केला तर चौदा गट होतात. आठवड्यातून तीन रात्री एकत्र जेवायचं ठरवलं, तर एकेका गटाची पाळी साधारण पाच आठवड्यांनी येते. एक रात्र बेचाळीस माणसांचा स्वयंपाक करायचा आणि उरलेल्या तेरा जेवणांना नुसते हात धुऊन पानावर बसायचं. चाळीस वर्षं रोज दोन वेळा रांधलेल्या बाईला विचारा, हे काय सुख आहे ते. ज्या पुरुषांना भात लावता येत नाही, त्यांना घरं बांधून होईपर्यंत दोन वर्षं आहेत. मी शिकवते.

आणि ज्या मावशींना आपण पाठवणार होतो, त्यांच्याबद्दल एक शब्द. आपण कितीही पाळ्या लावल्या तरी आवारात कामाला माणसं येणारच : सफाईला, पहाऱ्याला, बागेला, आजाऱ्याची काळजी घ्यायला. आर्किटेक्टच्या कच्च्या आराखड्यात योगवर्गासाठी खोली आहे, पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. पहारेकऱ्याला आणि कामाला येणाऱ्या बायकांना बसायला, डबा खायला जागा नाही, त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नाही. नकाशा एकदा मंजूर झाला की ते जिन्याखाली कुठेतरी कोंबलं जातं, हे मी पाहिलंय. त्यांनी सामायिक दालनातलंच स्वच्छतागृह वापरावं, त्याच टेबलावर जेवावं, आणि वेतन, साप्ताहिक सुट्टी व आजारपणाची रजा आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत यावी. वेगळा कप कुठल्याही फळीवर दिसता कामा नये.

‘सर्व निर्णय बहुमतानं’ या मुद्द्यावर मला माझ्या घरातलं सांगावं लागेल.

आत्ता राहते त्या सोसायटीत मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते. माझ्या यजमानांना पक्षाघात झाला आणि ते चाकाच्या खुर्चीत बसले. लिफ्ट होती, पण लिफ्टपासून रस्त्यापर्यंत पाच पायऱ्या. एका बाजूनं उतार करून घ्यावा असा अर्ज मी दिला. त्यात दोन पार्किंगच्या जागा जात होत्या. वार्षिक सर्वसाधारण सभेत गणपूर्ती होती, चर्चा सभ्यपणे झाली, सगळ्यांनी सहानुभूती दाखवली, आणि मतदानात उताराचा ठराव पडला. इतिवृत्त लिहायचं काम माझंच होतं. ‘ठराव बहुमतानं नामंजूर’ हे माझ्या हातानं लिहिलं. त्यानंतर त्यांना खाली न्यायचं तर पहारेकरी आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा खुर्ची उचलायचे. त्यांना ते आवडेना. शेवटचे चौदा महिने ते खाली उतरलेच नाहीत, गॅलरीतून रस्ता बघत बसायचे.

त्या सभेत नियमबाह्य असं काहीच झालं नाही. मला सांगायचं आहे ते हेच. गणपूर्ती, सूचना, मतमोजणी, सगळं चोख होतं, आणि एका माणसाचं अंगण गेलं.

म्हणून काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नाहीत, हे आधी लिहू या. प्रत्येक सामायिक जागेत चाकाच्या खुर्चीला वाट, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि प्रवेशाचा नियम. या चारांवर हात वर करायचे नाहीत. बाकीच्या निर्णयांत आधी संमती शोधायची. हॉलंडमध्ये रुजलेल्या सोशिओक्रसी नावाच्या, संमतीनं निर्णय घेण्याच्या पद्धतीत ‘तुम्हाला हे आवडतं का’ असं विचारत नाहीत, ‘यात कुणाचं काही नुकसान दिसतं का’ असं विचारतात. ज्याची हरकत असेल त्यानं नुकसान काय ते सांगायचं आणि तीन आठवड्यांत पर्याय घेऊन यायचं. पर्याय नसेल तर निर्णय सहा महिन्यांसाठी अमलात आणून पुन्हा बघायचा. त्यामुळे एकट्याचा हट्ट सगळ्यांना वेठीला धरत नाही आणि एकट्याची अडचणही दबत नाही. कायद्याला सर्वसाधारण सभेचं मतदान लागतं, ते शेवटी घेऊच. पण वर सांगितलेली चार कलमं उपविधीतच घातली पाहिजेत. नुसत्या सभेच्या ठरावानं आलेली गोष्ट पुढच्या सभेच्या ठरावानं जाते. उपविधी बदलायला दोन तृतीयांश मतं आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी लागते.

भाडेकरूंचा मुद्दा. ‘मालक असला की आपुलकी असते’ असं म्हटलं गेलं. माझ्या सोसायटीत होळीची लाकडं आणण्यापासून टाकी साफ करण्यापर्यंत पुढे असायचं ते तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारं कुटुंब, आणि उतारासाठी सह्या गोळा करत फिरली ती त्यांची मुलगी. सभेत तिला मत नव्हतं. लंडनला हाय बार्नेटमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी मिळून ‘न्यू ग्राउंड’ नावाचा सहनिवास उभारला. १९९८ मध्ये गट जमला आणि २०१६ मध्ये त्या राहायला गेल्या, अठरा वर्षं लागली. पंचवीस घरांपैकी आठ त्यांनी कमी भाड्याची ठेवली, ज्यांच्याकडे विकत घेण्याइतके पैसे नाहीत अशा बायकांसाठी. आपल्या बावीस घरांत अशी चार घरं असावीत असं मला वाटतं. ती कुणाच्या मालकीची, पैसे कुठून, कायद्यात कशी बसवायची, हे वकील आणि हिशेबनीस सांगतील. ती हवीत की नकोत, हे मात्र त्यांना विचारायचं नाही. ते आपण सांगायचं.

यातच पुढचाही प्रश्न येतो. आपल्यापैकी निम्मे साठीच्या पुढचे आहेत. आपण गेल्यावर घर मुलांकडे जाणार, आणि त्यांतली बरीच परगावी, परदेशी. नॉमिनेशन केलं म्हणजे झालं, असं समजू नका. नामनिर्देशित माणूस वारसाचा हक्क ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद, मालक नव्हे. घर विकायची वेळ आली तर संस्थेला नव्वद दिवस मिळावेत, प्रतीक्षा यादीतल्या कुणाला ते घेता येतंय का बघायला. एवढंच. नकार देण्याचा अधिकार संस्थेनं मागू नये. तो हातात आला की पुन्हा आडनावं विचारली जातात. आणि हे सगळं आपल्या मुलांना आत्ता, हयातीत, समोर बसवून सांगायचं. मी माझ्या मुलीला सांगितलंय.

सामायिक दालनात देव्हारा असावा, अशी सूचना ग्रुपवर आलीय. माझ्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो, आणि आरतीला तुम्ही सगळे यावं असंच मला वाटतं. पण दालनात कायमची मूर्ती नको. ज्यांना जो सण करायचा त्यांनी तो दालनात करावा, आपल्या खर्चानं, आणि दुसऱ्या दिवशी दालन पुन्हा सगळ्यांचं व्हावं. कुत्री-मांजरी, दहानंतरचा आवाज, पाहुणे किती दिवस, हे नियम आहेत, तत्त्वं नव्हेत. ते राहायला गेल्यावर करू, आणि चुकले तर बदलू.

नकाशाच्या आधी हे सगळं का, तर वाटेची रुंदी, दुसरी शेगडी, कामाच्या माणसांची बसायची जागा, चार लहान घरं, यांतलं प्रत्येक तत्त्व भिंतीत उतरणार आहे. सिमेंट वाळल्यावर ते घालता येत नाही. इसाराला दोन महिने उशीर झाला आणि ही जागा हातची गेली, तर दुसरी मिळेल. चार चुकीची वाक्यं घेऊन आत गेलो, तर तिथे माझ्या सोसायटीसारखी आणखी एक सोसायटी होईल, फक्त झाडं जास्त असलेली.

रविवारी चार मुद्दे वेगळे काढा, एकेकावर तासभर बसा, आणि बोलायची सुरुवात जे एरवी गप्प बसतात त्यांच्यापासून करा. जुलैच्या हजेरीपटावर त्या शिक्षक जोडप्याचा फोन नंबर होता. काल संध्याकाळी मी त्यांना फोन केला. त्या दिवशी गप्प बसले म्हणून माफी मागितली आणि मसुदा बदलायला या म्हणून सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले. ते आलेच, तर मसुद्याची एक प्रत त्यांच्याही हातात द्या, आणि बाकावर थोडं सरकून घ्या.

आपली,
तुमच्यातलीच एक संस्थापक सभासद